एका फोल्डरात दोन मसाले

अहिराणीत चालणारी प्रोग्रामिंगची भाषा जगात पहिल्यांदा मी केली. 'आहे का' असं विचारायच्या जागी 'शे का' टाकलं आणि कॉम्प्युटर एकदम घरच्यासारखा वागायला लागला. रनाळ्यापासून चिंचपाड्यापर्यंत ज्याला मी हे सांगितलं नसेल, तो माणूस तेव्हा गुजरातेत गेलेला असणार.

तिच्यातला पहिला प्रोग्राम काकांसाठी. केळीची गाडी आज कोणाच्या वावरात लावायची, ते तो ठरवायचा. काकांची अट एकच.

"मन्हा चहा सराना आगोदर उघडाले पायजे. नही ते मी आपला फोनवरच बोंबलसू."

काका फोनवर गेले म्हणजे माझी भाषा गावातून उठली.

माझ्या खोलीतला नवा कॉम्प्युटर तगडा. ओट्यावरच्या काकांच्या जुन्यावर मात्र चहा संपायचा, कपबशी धुऊन व्हायची, केळी झाडावरच पिकायची, तरी पडदा काळाच. वास्तविक मी सोय केली होती. प्रोग्राम एकदा दळून, म्हणजे मशीनला कळेल असा करून, फाइल ठेवायची आणि पुढच्या वेळी तीच वापरायची. फोल्डर दोन्ही कॉम्प्युटरांत एकच होतं.

"तुन्ही भाषा आळशी शे," काका म्हणाले. "उद्यापासून बंद."

त्या संध्याकाळी मी तोंड पाडून स्वयंपाकघरात बसलो होतो. काकूने आईने भरलेला काळ्या मसाल्याचा डबा हुंगला.

"बाई, हाऊ मसाला शे का माटी?" म्हणत तिने तो ताटात उपडा केला आणि त्यात आपला मसाला भरला.

"दुसरा डबा ले ना माय," आई म्हणाली. "मन्हा काब्रं फेकस?"

मी ताडकन उठलो. ओट्यावर भाषेची जुनी आवृत्ती, खोलीत नवी. दळलेल्या फाइलचं नाव मात्र दोघांत एकच. जो कॉम्प्युटर चालेल तो दुसऱ्याचं दळण हुंगायचा, फेकायचा आणि पहिल्यापासून दळायचा. नव्याला त्याचं काही वाटत नव्हतं, जुन्याचा जीव जायचा.

फोल्डर एकच ठेवलं, पण प्रत्येक फाइलच्या नावात आवृत्ती घातली. ज्याने त्याने आपलाच डबा उघडायचा, आणि मूळ प्रोग्राम बदलला तरच नव्याने दळायचं.

सकाळी हातापाया पडून काकांना शेवटचं एकदा बसवलं. पहिलं दळण मी आधीच उरकून ठेवलं होतं. त्यांनी बशीत चहा ओतला आणि गाडीचं वावर पडद्यावर हजर.

काकांनी पडदा पाहिला, बशी पाहिली.

"आज चहा भलता गरम व्हता," ते म्हणाले. "सराले येळ लागी गया."

आणि ड्रायव्हरला फोन लावून पडद्यावरचं वावर सांगितलं.