सोपानभाऊ विसरले नव्हते

माझं शिक्षण चौथीपर्यंत झालं. अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी कळलंच नाही. कोणाच्या हाती हे पडलंच तर सांभाळून घ्यावं, हसू नये. कोणाला दाखवायला मी लिहीत नाही. मला चारचौघांत बोलता येत नाही, एवढंच. बंगल्याचे साहेब आजही पाहुण्यांना सांगतात, "सोपान माणूस चांगला होता, पण शेवटी शेवटी विसरायला लागला होता." मी तिथेच फरशी पुसत असते. शब्द घशापर्यंत येतो आणि परत जातो. भाऊ विसरले नव्हते. ते कुठेतरी लिहिलेलं असावं म्हणून बसले आहे.

सोपानभाऊ मळवलीच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याला असलेले चार बंगले राखायचे. ढग नुसता गुरगुरला तरी हातातलं काम टाकून पळत सुटायचे. जेवायला बसलेले असले तर खरकट्या हाताने. चारही बंगल्यांचे मेन स्विच पाडायचे, मग धापा टाकत घरी यायचे. "आधी मेन, मग माणूस," असं त्यांचं म्हणणं. पूर्वी एकदा वीज पडून एका बंगल्यातला टीव्ही आणि फ्रिज जळाला होता, आणि मालकाने गावातल्या चार माणसांसमोर त्यांना नाही नाही ते ऐकवलं होतं. तेव्हापासूनची ही सवय. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, थट्टा करायच्या. "माज्या पोटात गुरगुरलं तरी ह्ये मेन पाडाया जातील."

मी त्या चारांतल्याच एका बंगल्यावर झाडलोट आणि भांडी करते. तिथले मालक, म्हणजे ते साहेब, मुंबईचे, शनिवार-रविवारी येणारे. इतकी वर्षं राखण केली, पण भाऊ कधी तिथल्या खुर्चीवर टेकले नाहीत. मी एकदा म्हटलं, "भाऊ, बसा की, कोन बघतंय?" तर दारावरच्या कॅमेऱ्याकडे बोट करून म्हणाले, "ताई, मालक हितं न्हाई म्हंजी मालक हितंच हाय." ओल्या पायाने आत गेलेलं त्यांना चालायचं नाही. मला नाही, आणि साहेबांच्या मुलांनाही नाही.

साथ आली त्या वर्षी मार्चमध्ये सगळं बंद झालं. गावाच्या तोंडाशी पोरांनी बाभळीच्या फांद्या टाकून रस्ता अडवला. लोणावळ्यातल्या ज्या हॉटेलात माझे मालक, म्हणजे माझ्या लेकीचे, कोमलचे वडील, कामाला होते ते बंद पडलं. आणि आमची कोमल बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होती. लोणावळ्याचं कॉलेज बंद झालं, अर्धी पुस्तकं तिथल्या मैत्रिणीच्या खोलीवरच अडकली. आमच्या दोन्ही घराण्यांत पंधरावीला पोहोचलेली ती पहिलीच.

आज टीव्हीवर सांगायचे, परीक्षा होणार. उद्या सांगायचे, होणार नाही. मुलांना तसंच पास करणार, असं कोणी म्हणायचं. दुसरा म्हणायचा, अशा पदवीला पुढे नोकरीत कोण विचारणार? कोमल तेच धडे पुन्हा पुन्हा पाठ करायची. भाताची लावणी झाली, तण काढायची बेणणी झाली, तरी परीक्षेचा पत्ता नाही. पोरगी वाळत चालली. झोपेत हिशोब बडबडायची. मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. मी आपली तिच्यासमोर चहाचा कप ठेवायची आणि गार झाला की उचलायची.

शेवटी ठरलं. परीक्षा ऑक्टोबरात, आणि घरूनच, मोबाइलवर. तासाभराचा पेपर, समोर कॅमेरा चालू. शेजारी दुसरं माणूस दिसता कामा नये, आवाज येता कामा नये. ऐकून बरं वाटलं, पण आमची वस्ती डोंगराच्या आड. साधा फोन कसाबसा लागतो, पण इंटरनेटसाठी गुरांच्या वाटेवर चढावं लागतं. सरावाचा पेपर आला तेव्हा कोमल छत्री घेऊन त्या वाटेवर उभी राहिली आणि मध्येच सगळं अडकून बसलं. खाली येऊन ती चुलीपाशी बसली. "आई, खऱ्या पेपरला असं झालं तर माझं वर्ष गेलं. आणि पुढची परीक्षा कधी, ते कोणालाच माहीत नाही."

दुसऱ्या दिवशी ती परत त्या वाटेवर मोबाइल उंच धरून फिरत होती. भाऊ गाय घेऊन चालले होते.

"काय गं मास्तरीण, आभाळात काय हुडकतीस?"

"रेंज, मामा." मी त्यांना भाऊ म्हणते म्हणून ती मामा म्हणायची. "आणि मी मास्तरीण नाही, बी.कॉम.ला आहे."

"त्येच त्ये. हिशोब घालनारी. मग रेंज सापडली का?"

तिने सगळं सांगितलं. सांगता सांगता रडली असावी, कारण भाऊ संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसले. साहेबांच्या बंगल्यात वायरीचं इंटरनेट होतं. सुट्टीतही साहेबांना ऑफिसचं काम असायचं म्हणून घेतलेलं. ते मला माहीत होतं, भाऊंनाही माहीत होतं. विचारायची माझी हिंमत नव्हती, आणि आपणहून म्हणायची त्यांची होत नव्हती. बराच वेळ त्यांनी टोपी काढली, घातली, परत काढली.

"साहेबांना फोन करून इचारावं म्हनलं," ते म्हणाले. "पर ते न्हाई म्हनले, तर मग न्हाईच झालं. मग त्यांच्या शब्दाभाईर मला जाता याचं न्हाई. न इचारलेलं बरं." उठताना म्हणाले, "आत न्हाई हां ताई. मागच्या पडवीत बसंल पोरगी. पडवी म्हंजी काय, आपलीच की. तितं आपन भांडी घासतो."

त्या इंटरनेटच्या डब्याच्या बुडाला पासवर्ड चिकटवलेला होता. भाऊ आत जाऊन माझ्या मोबाइलवर त्याचा फोटो काढून आले. पहिल्या फोटोत त्यांचा अंगठा, दुसऱ्यात त्यांचं कपाळ. कोमल कितीतरी दिवसांनी हसली. "मामा, हा पासवर्ड लय टकला आहे."

पेपर सुरू झाले. आम्ही समोरच्या फाटकाने जात नव्हतो, कॅमेरा होता. मागच्या शेतातून, बांधावरून जायचो. कोमल पडवीत भिंतीला पाठ लावून बसायची. मी कोपऱ्याच्या आड, मोबाइलच्या कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी. भाऊ वाटेवर काठी घेऊन कुत्री हाकायचे. आपल्या गाईच्या गळ्यातल्या घंटेत त्यांनी चिंधी कोंबली होती. लाइट जाईल ही भीती होतीच, तर म्हणाले, "वायरमनला च्या पाजून आलोय. म्हनलं, हा तास तेवढा आमच्या लाइनीवर काम काढू नगं." सगळीकडून बंदोबस्त केला होता त्यांनी. पेपरामागून पेपर चांगले गेले.

शेवटचा पेपर हिशोबाचा, सगळ्यात अवघड. सकाळी ऊन होतं. शेतात भात पिकून पिवळा झालेला, कापणीला आलेला. पेपर सुरू झाला आणि लोहगडाच्या अंगाने आभाळ काळं होत आलं. परतीचा पाऊस असाच येतो, सांगून येत नाही. वारा सुटला. मी प्लास्टिकचा कागद पडवीच्या कडेला धरून उभी राहिले. कोमलने वर पाहिलंसुद्धा नाही. तेवढ्यात ढग कडाडला.

आणि थोड्या वेळाने पडवीतला दिवा गेला.

कोमलचं बोट तसंच राहिलं. मोबाइलवर ते गोल फिरणारं चिन्ह आलं. तिने माझ्याकडे पाहिलं. तोंडातून आवाज काढायचा नाही, आवाज गेला तर पेपर रद्द होईल, अशी आमची समजूत, म्हणून ती नुसती बघत राहिली. ती नजर मी विसरणार नाही. मला वाटलं, लाइट गेली. पण खालच्या आळीतल्या मंदिराचा दिवा चालू दिसत होता. म्हणजे भाऊंनी मेन पाडला होता.

मी कागद सोडला आणि पळाले. मीटर बंगल्याच्या दुसऱ्या अंगाला. भाऊ मेन पाडून पुढच्या बंगल्याकडे निघालेसुद्धा होते, डोक्यावर पोतं घेऊन, खाली मान घालून. जन्मात मी कोणा पुरुषाला मोठ्याने हाक मारलेली नाही. त्या दिवशी ओरडले. "भाऊ! मेन! पोरगी बसलीया पेपराला!"

ते थांबले. वळून माझ्याकडे पाहिलं आणि मग स्वतःच्या हाताकडे. "आयला, माज्याच हातानं," म्हणाले. पळत परत आले. मेनच्या दांड्यावर हात ठेवला तोच डोक्यावर पुन्हा कडाडलं, जमीन हादरली. ते तसेच उभे राहिले. ते काय विचार करत होते ते मला कळत होतं. अशा कडकडाटात मेन चढवणं म्हणजे काय, हे आमच्या वस्तीत त्यांच्याइतकं कोणी भोगलेलं नव्हतं. चढवा म्हणायचं तोंड मला नव्हतं आणि चढवू नका म्हणायचं काळीज नव्हतं.

"बाजूला सर, ताई," म्हणाले आणि दांडा वर केला. मग मागच्या दाराचं कुलूप काढून चिखलाच्या पायांनी तसेच आत शिरले. टीव्हीची पिन ओढली, गिझरची ओढली, जे दिसेल ते ओढत सुटले. मी पडवीकडे धावले. त्या डब्याचे दिवे एकेक करून लागायला किती वेळ घेतात! एक हिरवा लागला, दुसरा लागेना. कोमल ओठ चावत होती, ओठाला रक्त आलं होतं. मग ते गोल थांबलं आणि प्रश्न पुन्हा दिसले. घड्याळ तोपर्यंत पुढे गेलेलं. तिने मान खाली घातली आणि बोट चालवायला लागली.

तिचा पेपर संपायच्या जरासा आधी वीज जवळच कुठेतरी पडली. आत काहीतरी फट् झालं, जळल्याचा वास आला. डब्याचे दिवे मात्र राहिले. कोमलने शेवटचं बटण दाबलं, पेपर पोहोचल्याचं आलं, आणि ती गुडघ्यांत डोकं घालून हुंदके द्यायला लागली. भाऊ दारात आले. कपडे निथळत होते. "झालं का गं मास्तरीण?" तिने मान हलवली. तेव्हा त्यांनी मेन पाडला.

फ्रिजची पिन कपाटामागे होती, तिथे त्यांचा हात पोहोचला नव्हता. फ्रिज गेला, बोअरची मोटर गेली. आम्ही तिघांनी मिळून फरशीवरचा चिखल पुसला. मी म्हटलं, "भाऊ, साहेबांना मी सांगते, आमच्यापायी झालं." मला बोलता आलं असतं की नाही देव जाणे. पण ते चिडले. पहिल्यांदाच माझ्यावर चिडले. "काय बी सांगायचं न्हाई. तुजं काम जाईल, माजं बी. आन् पोरीच्या पेपराला कोनी खोट काढली म्हंजी?"

त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला. साहेबांचा आवाज बाहेरपर्यंत ऐकू येत होता. "सोपान, तू? मेन पाडायला तू विसरलास?"

"व्हय साहेब, इसरलो. वय झालं."

एवढंच. फोन ठेवून ते गाईपाशी गेले आणि तिच्या घंटेतली चिंधी काढत बसले.

दुरुस्तीचे पैसे साहेबांनी त्यांच्या पगारातून कापले, महिन्यामागून महिना. पण पैशाचं त्यांना तेवढं लागलं नाही. लागलं ते वेगळंच. आता ढग गुरगुरला की मुंबईहून फोन यायचा, "सोपान, मेन पाडलास का?" फोन येईपर्यंत चारही मेन पाडून झालेले असायचे. तरी ते "व्हय साहेब, पाडला" म्हणायचे आणि कितीतरी वेळ फोन हातात धरून बसायचे. वहिनींना मी एकदा सगळं सांगून टाकलं. त्या मेनची थट्टा करायच्या, तेव्हापासून करेनाशा झाल्या.

कोमल पास झाली. हिशोबाच्या पेपरात तिला सगळ्यात कमी मार्क पडले, पण पास झाली. वडगावला एका वकिलाकडे हिशोब लिहायला लागली. साहेबांनी कापलेले पैसे फेडायचे म्हणून पहिल्या पगारातून थोडे घेऊन भाऊंकडे गेली, तर त्यांनी हातच मागे घेतले. "पोरीचा पैका घेऊ? मला काय भिकंला लावतीस?" मग कोमलने डोकं चालवलं. पैसे वहिनींच्या हातात द्यायला लागली, दर पगाराला थोडे थोडे. वहिनींनी घेतले. घरात गरज होती.

पण भाऊही कमी नव्हते. मला सख्खा भाऊ नाही. त्या परीक्षेच्या वर्षापासून भाऊबिजेला मी त्यांना ओवाळायला लागले. ते धुतलेली टोपी घालून पाटावर बसायचे, आणि वर्षभरात कोमलने जे दिलेलं असेल त्यातलं बरंचसं गुपचूप ताटात टाकायचे. कोमल चिडायची. "मामा, असं तर कधीच फिटायचं नाही!"

"न्हाई तर न्हाई. कोन मागाया आलंय?" असं म्हणून करंजी तोंडात टाकायचे.

ते गेले ते गेल्या पावसाळ्यात. दुपारी गोठ्यात बसले होते, वहिनी पाणी घेऊन गेल्या तोपर्यंत संपलं होतं. दिवाळी आली तेव्हा कोमल आणि मी त्यांच्या घरी गेलो. पाट मांडला नव्हता, ओवाळायला कोणी नव्हतं. कोमलने राहिलेली रक्कम एकदम वहिनींच्या हातात ठेवली. वहिनींनी ती कपाळाला लावली आणि कमरेला खोचली. या वेळी त्यातलं काही परत आलं नाही. सगळे पैसे फिटले.