गुळाचा खडा

दुकानदार गुळाची ढेप फोडायला लागला की तो वास येतो आणि मी पुन्हा सावेडीतल्या त्या पाचवीच्या वर्गात उभी राहते. नोकरीसाठी नमुना पाठ द्यायला मी काष्टीहून एसटीने आले होते. इंग्रजीत साबण, ब्रेड असले शब्द नुसते मोजता येत नाहीत, एवढंच शिकवायचं होतं. पण मुलं ‘टू सोप्स, थ्री ब्रेड्स’च्या पुढे सरकेनात. नियम दोनदा सांगितला, फळाभर लिहिला, तरी वर्ग ढिम्म. मागच्या बाकावरच्या मुख्याध्यापिकाबाईंनी पेनाला टोपण लावलं. तेवढ्यात पुढची मुलगी म्हणाली, “मिस, तुमच्या पर्समधून गुळाचा वास येतोय.” निघताना आईने “लई ऊन हाय, वाटंत खा” म्हणत पुडी कोंबली होती. मी ती सोडली. “हे काय? एक गूळ?” वर्ग खदखदून हसला. “एक गूळ काय मिस, गुळाचा खडा!” “कोथिंबीर?” “जुडी!” “साबण?” “वडी!” “मग इंग्रजीत त्या वडीला बार म्हणतात.” “अ बार ऑफ सोप!” सगळे एकदम ओरडले. तास संपल्यावर बाईंनी स्वतः पाणी आणून दिलं. “उन्हातून आलेल्या माणसाला गूळ-पाणी आम्ही द्यायचं, तर गूळ तुम्हीच घेऊन आलात. खा तो खडा, आणि सोमवारपासून या.” लोकांचा जीव भांड्यात पडतो, माझा, आजही आठवतंय, ग्लासात पडला. अ ग्लास ऑफ वॉटर.