भर उन्हातला बर्फ अन् गॅसवरची गाडी

बाबांनी मिलिटरीच्या लिलावातून एक अवाढव्य फोर-व्हील गाडी आणली होती. चारही चाकांत ताकद आणि पोटात पेट्रोलचं इंजिन. दर्यापूरच्या खारपाण पट्ट्यातलं आमचं गाव. पावसाळ्यात एसटी फाट्यावरच थांबायची, कारण पुढची काळी माती पायातली चप्पल ओढून घ्यायची, ट्रॅक्टरलाही सोडायची नाही. त्या चिखलातून डुलत डुलत पार होणारी ही एकच गाडी. तिच्यात मागे कोंबून बसून आम्ही गावातल्या पोरी दर्यापूरला कॉलेजात जायचो. पोरींकडून भाडं घ्यायचं नाही हा बाबांचा नियम, आणि त्यावर कोणी बोललं तर ते शिवीच हासडायचे.

ती वर्षं फार वाईट होती. कापसाला भाव नाही, पावसाचा भरवसा नाही, आणि कोणत्या ना कोणत्या गावातून कोणी फवारणीचं औषध पिल्याची बातमी यायची. लोकांनी येणंजाणंच कमी केलं, गाडीला भाडं मिळेना. पेट्रोल मात्र चढतच होतं आणि आमची गाडी ते घटाघटा प्यायची.

माझी अकरावी संपली त्या उन्हाळ्यात अकोल्याचा एक भंगारवाला गाडी बघून गेला. त्यानंतर लगेच मोर्शीकडचं, संत्र्याच्या बगीच्यावाल्यांचं स्थळ मला सांगून आलं. गाडी गेली की कॉलेज गेलं, आणि कॉलेज गेलं की मी मोर्शीला गेले, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. आई तर म्हणालीच, "घरी बसून काय करशीन वं? लोक चांगले आहेत." मला इतका संताप आला की मी जेवले नाही.

बाबांनी मग शेवटचा उपाय काढला. "गाडी गॅसवर करतो. चालली तं ठेवतो. नाई चालली तं इकतो अन् हात धुतो."

"गॅसवर? सैपाकाच्या?" आईचा पदर तोंडाशी गेला. आमच्याकडे तेव्हा चूल होती. गॅस आम्ही अमरावतीच्या मामाकडे पाहिला होता, तोही लांबूनच.

मी हट्टानं बाबांबरोबर अमरावतीला गेले. माझ्या कॉलेजाचा फैसला तिथं होणार होता, मी घरी कशी बसू? गॅरेजवाले मिस्त्रीचाचा पिढीजात कारागीर. त्यांनी मागच्या बाजूला गॅसची टाकी बसवली, तिथून तांब्याची नळी पुढे आणली, आणि इंजिनाजवळ एक लोखंडी डबा लावला. टाकीतला पातळ गॅस या डब्यात येऊन हवेसारखा होणार आणि मग इंजिनात जाणार. डब्याला इंजिनाच्या गरम पाण्याची नळी जोडली होती, तिला छोटी तोटी होती. "पहले पेट्रोल पे गरम करना, फिर बटन गॅस पे," चाचा म्हणाले. बाबांनी मान डोलावली. ते ऐकत नव्हते, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

चाचांनी बटन फिरवलं. क्षणभर गाडी अडखळली आणि मग जी चालायला लागली, बाप्पा! डोळ्याला काही दिसत नाही, हाताला काही लागत नाही, आणि त्या न दिसणाऱ्या वाऱ्यावर एवढं धूड धडधडून राहिलं! माझ्या अंगावर काटा आला. बाबा तर इंजिनाकडे देवळात उभं राहावं तसे उभे होते.

परतीला वलगावच्या पुढे बाबांनी चहाला गाडी थांबवली. मे महिन्याची दुपार, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. त्यांनी बॉनेट उघडलं, गरम पाण्याच्या नळीला हात लावला आणि भडकले. "पाह्य तं! एवढ्या उन्हात गॅसले गरम पाणी! भडका उडवते का आपला?" त्यांनी तोटी बंद केली. मग डोक्याचा दुपट्टा ओला केला आणि डब्याला गच्च गुंडाळला. आमच्या वऱ्हाडात उन्हाळ्यात इंजिनाजवळचा पेट्रोल पंप तापून गाडी बंद पडू नये म्हणून त्याला ओलं फडकं बांधायचं, हे प्रत्येक ड्रायव्हरला माहीत. बाबांनी आयुष्यभर तेच केलं होतं.

थोडं अंतर गेलो आणि गाडीला धाप लागली. धक्के देत देत बंद पडली. पेट्रोलवर टाकली तर चालू. पुन्हा गॅसवर, पुन्हा बंद. बाबांनी बॉनेट उघडलं आणि ते दोन पावलं मागे सरकले.

डबा पांढरा झाला होता. त्यावर बर्फ होता. खरा बर्फ! ओला दुपट्टा पापडासारखा कडक होऊन उभा, त्याच्या घड्यांत पांढरी भुकटी. वर आग ओकणारं आभाळ, दोन्ही बाजूंना भेगाळलेली काळी रानं, आणि मधे आमच्या गाडीच्या पोटात हिवाळा. मी बोट लावलं, ते चिकटलं, मी ओरडून मागे घेतलं आणि लगेच पुन्हा लावलं. असं काही मी जन्मात पाहिलं नव्हतं.

मागून आलेली काळीपिवळी जीप थांबली. सगळी माणसं उतरली, एकेक जण हात लावून पाहायला लागला. "माय माय माय!" करत एका म्हातारीनं बर्फाची चिमूट उचलली आणि दोन्ही डोळ्यांना लावली.

बाबा मात्र करवादले. "फसवलं आपल्याले. गॅस काई कामाचा नाई. उद्या भंगारवाल्याले बलावतो."

त्या बर्फाकडे बघता बघता मला एकदम आमचा माठ आठवला, आणि अकरावीत घोकलेलं वाक्य: द्रवाची वाफ होताना तो आजूबाजूची उष्णता ओढून घेतो. म्हणजे गॅस ऊब मागत होता! आणि आम्ही त्याला ओलं फडकं बांधलं होतं.

"बाबा, तोटी खोला. माठातलं पाणी काहून थंडं होते? तसंच हे. गॅसले ऊब पाहिजे."

"तू मले गाडी शिकवून राहिली का?"

"हो, शिकवून राहिली! नाई तं बसा इथंच!"

लोकांसमोर मी बाबांना असं बोलले. म्हातारीनं तोंडावर हात ठेवला. बाबा खाली वाकले, कडक दुपट्टा सोलून काढला आणि तोटी उघडली. गाडी पेट्रोलवर सुरू केली. बर्फ घळाघळा वितळून रस्त्यावर पडला आणि पडल्या पडल्या सुकला. डबा हाताला कोमट लागल्यावर बाबांनी बटनाकडे बोट दाखवलं. "टाक तूच."

मी बटन फिरवलं. गाडी चालत राहिली. अगदी घरापर्यंत चालत राहिली.

आई दारातच उभी होती. गाडी गॅसवर चालली, हे तिला आमच्या तोंडावरूनच कळलं. तरी तिनं विचारलं, "मंग त्या मोर्शीवाल्याईले काय निरोप देऊ?"

बाबा अंगणातल्या रांजणावर हातपाय धूत होते. धुतलेला दुपट्टा त्यांनी झटकून दोरीवर टाकला.

"सांग त्याईले," ते म्हणाले, "पोरगी शिकून राहिली."