उलट्या पिशव्यांतली पपई

आमची म्हैस आटली आणि घरात पिशवीचं दूध यायला लागलं, हे कुणाला कळता कामा नये, असा सासूबाईंचा हुकूम होता. कारणही तसंच होतं. माझी नणंद काष्टीला दिलेली. तिच्या सासरी पहिल्यांदा गेल्या तेव्हा सासूबाईंनी चहाचा घोट घेऊन नाक मुरडलं होतं आणि चारचौघांत विहिणीला ऐकवलं होतं, "आमच्यात पिशवीचं दूध उंबऱ्याच्या आत येत न्हाई." आता तीच विहीण आमच्याकडं राहुरीला जेवायला येणार होती.

दूध लपवणं सोपं. सकाळीच पातेल्यात ओतून तापवून ठेवलं की झालं. पण सासूबाईंना रिकामी पिशवी टाकवत नाही. धुऊन, वाळवून, तळाला भोकं पाडून त्या तीत पपईचं रोप करतात. न्हाणीमागं नुसती रांग लागलेली. मी म्हटलं, "आई, वर पोतं टाकू का?"

"रोपं गुदमरतील. पिशव्या उलट्या करून भरल्यात मी, छाप आत गेलाय. कुनाला कळतंय?"

मी पोतं घडी घालून परत ठेवलं.

विहीणबाई आल्या, जेवल्या. चहा पिऊन म्हणाल्या, "घरच्या म्हशीचं दूध ते, चव लागतीच." सासूबाई अशा काही फुलल्या की विचारू नका. त्या भरात स्वतःच विहिणीला मागं घेऊन गेल्या. "दोन रोपं न्या. लई गोड पपई हाय."

आणि मला तेव्हाच दिसलं. माती सांडू नये म्हणून पिशव्यांची वरची कड बाहेर दुमडली होती, आणि उलट्या पिशवीची कड दुमडली की छाप पुन्हा बाहेर येतो. प्रत्येक रोपाच्या गळ्यात डेअरीची निळी अक्षरं. विहीणबाईंनी त्यावरून सावकाश अंगठा फिरवला. दोन रोपं उचलून निघाल्या.

गाडीत बसताना अगदी मायेनं म्हणाल्या, "विहीणबाई, रोपं लावली की पिशव्या धुऊन माघारी धाडते बरं का. तुमच्यात पिशवीचं दूध येत न्हाई, मग पुढच्या रोपांना पिशव्या कुटून आनायच्या तुमी?"

सासूबाईंचा चेहरा खर्रकन उतरला. मला हसू आवरत नव्हतं आणि त्यांची कीवही येत होती. त्यांनी फाटक धरलं. मग म्हणाल्या, "थांबा जरा. आनखी दोन रोपं न्या, म्हंजी चार पिशव्या येतील."