गुरुवारचा डबा

समुपदेशक बाईंच्या दाराबाहेर, बाकावर माझी मुलगी अनघा डबा उघडून बसली आहे. पोळीचा तुकडा भाजीला लावून तिने तो तसाच हातात धरून ठेवला आहे. आत जाण्याआधी अर्धी पोळी खायची, असं ठरलेलं आहे. मी तिच्याकडे बघायचं नाही, हेही ठरलेलं आहे. म्हणून मी समोरचं घड्याळ बघत बसते.

गेले सात महिने दर गुरुवारी आम्ही येतो, तासभर बोलणं होतं, घरी जातो. फार थकायला होतं.

पूर्वी ती गुरुवारी उपवास करायची. मग सोमवार धरला, चतुर्थी, एकादशी. मी शेजारणींना कौतुकाने सांगायचे, आमच्या अनघाचं फार कडक असतं हो, साबुदाणासुद्धा खात नाही. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या, तेव्हाही मला त्यात श्रद्धाच दिसली. ती कॉलेजात चक्कर येऊन पडली तेव्हा कळलं, की हा आजार आहे. जेवणाची भीती बसते, आणि आईच्या आग्रहाने ती आणखी वाढते, हे मला इथे येऊन शिकावं लागलं.

"आई."

मी घड्याळावरची नजर हलवत नाही.

"भाजीत मीठ कमी आहे."

दोन वर्षांत तिने माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवलेली नाहीत.

"असेल," मी म्हणते. घड्याळाचे काटे मला दिसेनासे झाले आहेत.