हद्दीचा दगड

वाळवी दप्तरातले कागद खाते, किस्से मात्र खात नाही! सतरा वर्षं म्युनिसिपालिटीत कारकुनी केली. आता घरी बसलोय, तर जेवताना, पान लावताना एकेक किस्सा वर येतो. बायको म्हणते, "अहो, घास तरी गिळा!" कसा गिळणार? अजून तळपायाची आग मस्तकात जाते.

गावाचं नाव विचारू नका. ठाणं आणि कल्याण यांच्या मधलं, खाडीलगतचं समजा. राणीच्या राज्यात आम्हांला नवी म्युनिसिपालिटी मिळाली. मग सगळ्यांत आधी आम्ही काय केलं? गटार नाही बांधलं, दवाखाना नाही काढला. गावाभोवती हद्दीचे दगड पुरले! शेवटचा दगड शीळ गावाकडे जाणाऱ्या सडकेवर. त्याच्या पलीकडे तीस पावलांवर एक चिंच, चिंचेखाली विहीर आणि विहिरीला लागून आगऱ्यांचा पाडा. पाडा हद्दीबाहेर. हे तेवढं ध्यानात ठेवा.

*

त्या दगडापाशी आम्ही रॉकेलचा कंदील लावला. आठवड्याच्या आत चेअरमन रावसाहेबांनी मला बोलावलं.

"तात्या, कंदिलाचा उजेड कुठे पडतो, बघितलंत का?"

"सडकेवर, साहेब."

"अर्धा पाड्याकडे पडतो! हद्दीबाहेर आपलं तेल का जाळायचं?"

झालं! ठराव पास. कंदिलाच्या पाड्याकडच्या बाजूला काचेऐवजी पत्रा ठोकला. पत्रा ठोकणारा लोहार हातोडी घेऊन माझ्याकडे वळला. "तात्या, चांदण्याचं काय करायचं?"



*

आता जकात नाका. तोसुद्धा त्याच सडकेवर. नियमाने तो दगडाच्या आत हवा. पण आत रणरणतं ऊन आणि पलीकडे चिंचेची गार सावली! नाक्याच्या शिपायाने हळूच आपलं बाकडं सावलीत नेलं, मागोमाग छप्पर गेलं. पाड्यातल्या बायका मासळीच्या पाट्या घेऊन बाजाराला निघाल्या, की हा हद्दीबाहेर बसून हद्दीत शिरण्याची जकात घ्यायचा. वर चांगलीशी बोयटं उचलायचा ती वेगळीच!

पाड्यात बायजाबाई म्हणून एक म्हातारी होती. तोंडाची मोठी फटकळ. एके दिवशी पाटी आपटून तिने भर सडकेवर मलाच पकडलं.

"दादा, तुमचा नाका आमच्या चिंचेखाली बसतो, मंग आमची ईर तुमच्या हद्दीत का नाय बसत?"

मी छत्री उघडली आणि चालू पडलो.

*

बायजाबाई उगाच बोलत नव्हती. त्या विहिरीचा कठडा ढासळला होता. सडकेवरची घाण पावसात सरळ आत जायची, तळाशी कमरेएवढा गाळ. त्या वर्षी जरीमरी आली आणि म्हातारीची दोन नातवंडं चार दिवसांत गेली. एक नात उरली. म्हातारीचं मागणं एवढंच, की गाळ काढा आणि कठडा बांधा. पाड्यातली माणसं फुकट राबायला तयार होती. चुना आणि गवंडी तेवढा म्युनिसिपालिटीने द्यावा.

अर्ज मीच लिहून दिला. मीटिंगमध्ये रावसाहेब म्हणाले, "हद्दीबाहेर." तो शेरा अर्जावर कोणी लिहिला? मीच! लाज वाटते सांगायला, पण अक्षर माझंच.

मग ती मामलेदार कचेरीत गेली. तिथे म्हणाले, "विहीर म्युनिसिपालिटीच्या नाक्याजवळ आहे ना? मग तिकडेच जा." आमच्याकडे आली. आम्ही म्हटलं, "तिकडेच जा." असे तीन हेलपाटे झाले, अहो! नातवंडं गेलेली म्हातारी ती, आणि आम्ही तिला चेंडूसारखी टोलवत होतो.

*

आमच्या कचेरीत पेद्रू नावाचा एक कारकून होता, गोव्याचा. तिकडे पोर्तुगीज राज्य. म्युनिसिपालिटीला ते लोक 'कामरा' म्हणतात. एकदा रावसाहेबांनी गंमत म्हणून त्याला विचारलं, "काय रे, तुमच्या कामरेच्या हद्दीबाहेर काय असतं?"

"दुसरी कामरा, साहेब."

"आणि तिच्या बाहेर?"

"तिसरी. शहर, खेडी, पाडे, सगळं कुठल्या ना कुठल्या कामरेत. मध्ये कोणी उरतच नाही."

रावसाहेबांना ते पटेना. "मग लोकांना नाही कसं म्हणतात?"

"म्हणतात की! तिकडेही म्हणतात. पण दुसऱ्याकडे बोट दाखवता येत नाही, तोंडावर म्हणावं लागतं."

रावसाहेबांनी पानाची पिंक टाकली. मग म्हणाले, "फार गैरसोयीचं आहे."

*

आणि मग कलेक्टर साहेबांची स्वारी यायची ठरली! मानाची रीत अशी, की साहेबाचं स्वागत गावाच्या हद्दीवर करायचं. पण हद्दीवर ऊन! साहेबाला उन्हात कसं उभं करणार? रावसाहेबांनी डोकं लढवलं. हद्दीचा दगड उपटला, चुना फासून विहिरीच्या पलीकडे रोवला. चिंचेखाली कमान, गालिचा, गुलाबपाणी. साहेबांनी दगड पाहून विचारलं, "गावची हद्द इथपर्यंत?" रावसाहेब छाती फुगवून म्हणाले, "येस सर!"

साहेब गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी रावसाहेब दगड परत न्यायला निघाले. बरोबर चार शिपाई पहारी घेऊन, शिवाय मी आणि पेद्रू. बघतो तर काय! दगडाला वरपासून खालपर्यंत शेंदूर! पुढे फोडलेला नारळ, उदबत्त्या, झेंडूची फुलं. अख्खा पाडा हात जोडून बसलेला. मध्ये बायजाबाई, मांडीवर नात.

शिपायांनी पहारी खाली टाकल्या.

रावसाहेब ओरडले, "पेद्रू! तू किरिस्ताव, तुला कसली भीती? उपट तो दगड!"

पेद्रू पुढे गेला. दगडाकडे पाहिलं, डोक्यावरची टोपी काढली, छातीवर क्रुसाची खूण केली आणि हळूच मागे वळून म्हणाला, "साहेब, जोडे काढा."

आणि रावसाहेबांनी काढले! हातसुद्धा जोडले. मग घाम पुसत म्हातारीला विचारलं, "बाई, देव तरी कुठला हा?"

बायजाबाईने नातीच्या कपाळाला शेंदराचं बोट लावलं.

"नवीनच हाय, रावसायब. ईर साफ झाल्याबिगर हलायचा नाय बोलतो."