शेवटचा पीस

चाकणच्या आमच्या कारखान्यात, पत्रा दाबून भाग बनवणाऱ्या प्रेस शॉपमध्ये, भिंतीवर एक मोठा स्क्रीन आहे. कुठली लाइन किती वेळ बंद पडली, किती पीस निघाले, ते त्यावर आलेखांत दिसतं. ते आलेख मी पाच महिने खपून बनवले होते. शॉपमधले लोक मला त्यांच्यामुळेच ओळखत. आपणहून बोलणं मला जमत नाही.

आलेख दाखवणारं सॉफ्टवेअर सर्व्हरवर एका कंटेनरमध्ये चालायचं. जुना कंटेनर काढून त्या जागी नव्या आवृत्तीचा लावायचा होता. जेवणाच्या सुट्टीत लाइनी थांबल्या तशी मी लॅपटॉप घेऊन स्क्रीनखाली बसले.

शिफ्टचे सुपरवायझर जेवण उरकून शेजारी येऊन टेकले. चऱ्होलीचे, पन्नाशी ओलांडलेले.

"काय चाललंय, म्याडम?"

मराठीत समजावताना माझी तारांबळ उडते. "काका, हा सगळा प्रोग्रॅम एका डब्यात आहे. जुना डबा टाकून नवा लावायचाय."

"आन् जुन्यातली भाजी?"

मी हसले. ते हसले नाहीत. "शेवटचा पीस ठेवला का?"

प्रेसमधली डाय, म्हणजे भागाचा साचा, उतरवताना तिचा शेवटचा पीस तारेने तिलाच बांधून ठेवतात. ती पुन्हा चढली की पहिला पीस त्याच्याशी ताडून बघतात. तो बांधलेला दिसल्याशिवाय हे गृहस्थ डायला क्रेन लावू देत नाहीत.

मी एंटरवरचं बोट उचललं. आलेख बाहेरच्या फोल्डरमध्ये साठतात, असं मी धरून चालले होते. उघडून पाहिलं तर फोल्डर रिकामं. सगळं काम जुन्या कंटेनरच्या आतच होतं, आणि माझी कमांड तो पुसून टाकणार होती.

"काका, भाजी जुन्या डब्यातच आहे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"निघंल का भाईर?"

"निघेल. पण वेळ लागेल. स्क्रीन बंद राहील."

"राहू द्या. आमी फळ्यावर लिवतो. आदी लिवतच हुतो की."

मी आधी मोबाइलवर स्क्रीनचा फोटो काढला, मग एकेक आलेख बाहेर काढून ठेवला. नवी आवृत्ती सुरू करून आलेख तिच्यात घातल्यावर काका माझा मोबाइल हातात घेऊन फोटो स्क्रीनशी ताडत उभे राहिले.

"तीन नंबरच्या लाइनीचा रंग बदललाय."

"नव्या आवृत्तीत रंगच वेगळा ठेवलाय, काका."

"मंग न्हाई अडचण."

संध्याकाळी मॅनेजरनी विचारलं, स्क्रीन एवढा वेळ बंद का होता? मी शब्द जुळवत होते, तेवढ्यात काका म्हणाले, "म्याडमनी पीस ताडून बघितला, साहेब. मंगच लावला." आणि खडू खिशात टाकून फळा पुसायला गेले.